चीव्हरने तो फोन करायला हवा होता का?

‘कंटेजन’ या साथीच्या रोगावरच्या हॉलिवूड सिनेमावर आमचं बोलणं चाललं होतं. वादाला तोंड फुटलं ते छोट्यामुळे. "त्या लोकांना २०११ सालीच सगळं ठाऊक होतं. म्हणून तर जसंच्या तसं दाखवलं," असं तो म्हणाला आणि अण्णा उसळलेच. ‘कंटेजन’ अण्णांना मुळातच आवडलेला नाही. थ्रिलर म्हणून बघायला बसलो आणि पदरात माहितीपट पडला, ही त्यांची तक्रार. "ग्विनेथ पॅल्ट्रोसारखी नटी घेतात आणि सुरुवातीलाच तिला मारून टाकतात. वर तिची कवटी उघडलेली दाखवतात. मग पुढचे दीड तास मी जीव टांगणीला लावायचा तो कुणासाठी?"

अण्णा काही एकटे नाहीत. सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेत हा सिनेमा लागला तेव्हा समीक्षकांनी वाखाणला, पण थिएटरातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोअरच्या पाहणीत त्याला ‘बी मायनस’वर सोडलं. थरार हवा होता त्यांना हा फार थंड वाटला. मग साथ आली. वॉर्नर ब्रदर्सच्या जुन्या सिनेमांमध्ये डिसेंबर २०१९ ला २७०व्या क्रमांकावर असलेला हा सिनेमा २०२० च्या सुरुवातीला थेट दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसला, पुढे फक्त हॅरी पॉटर. तेव्हापासून जो तो याला भाकीत म्हणायला लागला.

मास्तरांना हा शब्दच खपत नाही. "अरे छोट्या, भाकीत कसलं? त्यांनी जाणकारांना विचारलं, एवढंच. लेखक स्कॉट बर्न्स आणि दिग्दर्शक सोडरबर्ग यांनी इयान लिपकिन नावाच्या विषाणुतज्ज्ञाला सल्लागार म्हणून घेतलं होतं. त्यातला विषाणू कल्पित असला तरी नमुना निपाहचा आहे. १९९८-९९ मध्ये मलेशियात फळं खाणाऱ्या वटवाघळांकडून तो डुकरांत गेला आणि डुकरांतून माणसांत. शंभरावर माणसं गेली. सिनेमाचा शेवटचा प्रसंग आठव. झाडं पाडली जातात, वटवाघूळ उठतं, त्याच्या तोंडचा घास डुकराच्या गोठ्यात पडतो. घडून गेलेलंच आहे ते." हेच लिपकिन मार्च २०२० मध्ये स्वतः कोविडने आजारी पडले, हेही मास्तरांनी सांगितलं.

पण सिनेमा बिनचूक आहे, असं मास्तर म्हणत नाहीत. केट विन्स्लेटची डॉक्टर मिअर्स सांगते की माणूस जागेपणी मिनिटाला तीन ते पाच वेळा चेहऱ्याला हात लावतो. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात २६ वैद्यकीय विद्यार्थ्यांचं चित्रण करून मोजणी झाली, तेव्हा सरासरी तासाला २३ वेळा निघाली. म्हणजे सिनेमाने आकडा कितीतरी फुगवला. फळ्यावर ती एक रोगी सरासरी किती जणांना रोग देतो ते समजावते, तो भाग मात्र मास्तरांनी तोंडभरून वाखाणला. साधा फ्लू एकाच्या आसपास, देवी तीनच्या वर, लस येण्याआधीचा पोलिओ चार ते सहा. "एवढं स्वच्छ मलाही शिकवता येणार नाही," म्हणाले.

त्यांचा खरा आक्षेप निराळाच होता आणि मला तो पटला. पडद्यावरचा विषाणू चार-पाच रोग्यांमागे एकाला तरी, कधी त्याहून जास्त जणांना नेतो, तेही काही दिवसांत. इतकं भयंकर काही समोर असलं की रोग आहे की नाही यावर वाद घालायला जागा फार कमी उरते. कोविडमध्ये बहुतेक माणसं बरी होत होती, काहींना तर झाल्याचं कळतही नव्हतं, आणि म्हणूनच शेजारी शेजारी राहणाऱ्यांत मास्कवरून भांडणं झाली. मास्तर म्हणतात, खऱ्या साथीतली ही चिवट, कंटाळवाणी, घराघरांत चालणारी तेढ थ्रिलरच्या साच्यात मावत नाही. मॅट डेमन दारात बंदूक घेऊन बसतो, ते मावतं.

इतका वेळ सिस्टर ऐकत होती. तिला सगळे सिस्टरच म्हणतात, कारण ती वॉर्डात काम करते. ती अण्णांकडे वळली. "तुम्हाला थंड वाटला ना? नवऱ्याला बायको गेल्याचं सांगतात तो प्रसंग आठवा. डॉक्टर समोर उभं राहून सांगतो, तो मान डोलावतो आणि लगेच विचारतो की मला तिच्याशी बोलता येईल का. अण्णा, असंच असतं हो. ऐकलेलं माणसाच्या आत उतरतच नाही. रडणं-ओरडणं नंतरचं. सिनेमात सहसा ते नंतरचंच आधी दाखवतात."

अण्णा गप्प झाले. मग तिनेच विचारलं, "मला एक सांगा, सिनेमा बघताना तुम्हाला राग कुणाचा आला?"

सगळ्यांचं उत्तर एकच. ज्यूड लॉने केलेला ब्लॉगर क्रुमवीडी. आजारी पडल्याचं सोंग आणतो, फोर्सिथिया या फुलझाडाच्या अर्काने बरा झालो म्हणून सांगतो, लोक औषधाच्या दुकानावर तुटून पडतात आणि हा पैसे करतो.

"आणि चीव्हरचा नाही आला?"

तिथून खरी जुंपली.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लॉरेन्स फिशबर्नचा डॉ. चीव्हर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातला वरिष्ठ अधिकारी. शिकागो बंद होणार हे त्याला जाहीर होण्याआधी कळतं. तो आपल्या जिवाच्या माणसाला, ऑब्रीला, फोन करतो. निघ तिथून, कुणाला बोलू नकोस. ऑब्री मैत्रिणीला सांगते आणि तिथून ते पसरतं. केंद्रातला सफाई कामगार रॉजर ते बोलणं ऐकतो आणि चीव्हरला आठवण करून देतो की माणसं सगळ्यांनाच असतात.

छोट्याचं म्हणणं, कुणीही हेच केलं असतं. "मास्तर, तुम्ही नसता केला फोन? खरं सांगा."

"केला असता कदाचित," मास्तर म्हणाले. "पण मी केला असता म्हणून ते बरोबर ठरत नाही. ती माहिती त्याला खुर्चीमुळे मिळाली होती. त्या शहरातल्या प्रत्येकाचा तिच्यावर सारखाच हक्क होता, किंवा मग कुणाचाच नव्हता."

अण्णा एकदम चीव्हरच्या बाजूने उभे राहिले, याचं मला नवल वाटलं. त्यांना अख्ख्या सिनेमात हाच एक जिताजागता माणूस वाटतो. बाकी सगळे कर्तव्य करत फिरतात, हा एकटा घाबरतो.

मी माझं म्हणणं तिथे मांडलं आणि आजही मी त्यावर ठाम आहे. चीव्हरला आपण माफ करतो कारण कॅमेरा त्याच्या खोलीत आहे. त्याचा थकलेला चेहरा दिसतो, खाली आलेला आवाज ऐकू येतो. शिकागोत जे अडकले त्यांना सिनेमाने चेहराच दिलेला नाही. क्रुमवीडीला मात्र वाकडा दात लावलाय, म्हणजे राग कुणाचा धरायचा हे आपल्याला पडद्यावरूनच सांगितलं जातं. आणि टीव्हीवरच्या समोरासमोरच्या चर्चेत क्रुमवीडी काय करतो? चीव्हरच्या त्या फोनचंच प्रकरण बाहेर काढतो. अधिकाऱ्याने आपल्या माणसांना आधी सावध केलं, हे खरंच असतं. त्या एका खऱ्या गोष्टीच्या जोरावर त्याच्या बाकीच्या थापा खपतात. लबाडाला पुरावा पुरवला तो सज्जन माणसाने. पुढे क्रुमवीडीला अटक होते तेव्हा त्याचे वाचकच जामिनाचे पैसे भरतात. ते सगळे मूर्ख आहेत असं समजून आपण हसतो. पण त्यांनी टीव्हीवर एका अधिकाऱ्याला पकडला जाताना पाहिलेलं असतं.

"हे फार ताणतोयस तू," छोट्या म्हणाला. "अफवा अशाही पसरल्याच असत्या."

पसरल्या असत्या, मान्य. पण अफवा पसरवायला लबाड माणूसच लागतो, असंही नाही. ३१ जानेवारी २०२० च्या रात्री चीनच्या शिन्हुआ या सरकारी वृत्तसंस्थेने एका पारंपरिक काढ्यामुळे नव्या विषाणूला आळा बसू शकतो असं संशोधकांच्या हवाल्याने सांगितलं आणि त्याच रात्री औषधांच्या दुकानांबाहेर रांगा लागल्या. त्या काढ्यातला एक घटक फोर्सिथियाच होता. हे वाचलं तेव्हा मी चक्रावलो होतो. सिनेमात ते काम एकटा भामटा करतो आणि पैशासाठी करतो. इथे रात्रीत रांगा लावायला एक अधिकृत बातमी पुरली.

सिस्टरचं लक्ष या कशातच नव्हतं. "तुम्ही एकाच फोनबद्दल बोलताय," ती म्हणाली. "सिनेमात आणखी एक फोन आहे. मिअर्स हॉटेलच्या खोलीत उठते, तिला ताप असतो, आपल्याला काय झालंय ते तिला कळलेलं असतं. ती हॉटेलच्या माणसांना फोन लावून विचारते, माझी खोली कुणी साफ केली, माझ्या खोलीत कोण कोण येऊन गेलं, त्यांची नावं द्या. एकीला मरण समोर दिसत असताना खोली झाडणाऱ्यांची काळजी, आणि त्याला फक्त आपल्या घरच्यांची. आम्हाला वॉर्डात पुष्कळ गोष्टी आधी कळतात. आम्ही घरी फोन करून सांगत बसलो तर दुसऱ्या दिवसापासून आमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही."

मला वाटतं त्या संध्याकाळचं सगळ्यात वजनदार बोलणं हेच. यावर कुणाकडे चटकन उत्तर नव्हतं.

अण्णांनी तरी शेवटचा डाव टाकला. "पण तो आपल्या वाटची लस रॉजरच्या पोराला देतो ना. फिटली की चूक."

"फिटली?" मास्तर. "सिनेमात लस जन्मतारखेच्या सोडतीने मिळते. ज्याची तारीख निघेल त्याची पाळी. रॉजरच्या पोराची निघाली नव्हती. म्हणजे इथेही चीव्हरने स्वतःच ठरवलं की पुढे कोण जाणार. आपल्या डोळ्यांत पाणी येतं म्हणून ते आपल्याला दिसत नाही."

छोट्या म्हणाला, स्वतःच्या वाट्याचंच दिलं, कुणाचं हिसकावलं नाही. मास्तर म्हणाले, ती त्याच्या मालकीची वस्तू नव्हतीच. मग सोडत न्याय्य की वयाने, कामाने पाळी लावणं न्याय्य, यावर बराच वेळ गेला. ब्रिटनने डिसेंबर २०२० मध्ये लस सुरू केली ती वृद्धाश्रमातले रहिवासी, ऐंशीच्या पुढचे आणि आरोग्यसेवक यांच्यापासून. मास्तरांना हाच क्रम रास्त वाटतो. आणि गंमत अशी की, तिथले तेव्हाचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी लशीसाठी पुढे ओढाताण होणार हे आपल्याला ‘कंटेजन’मुळे सुचलं होतं, असं स्वतः सांगितलं होतं. म्हणजे हा सिनेमा मंत्र्यांनीही मन लावून पाहिला होता.

अशा सिनेमांनी उगीच भीती पसरते, असं अण्णा नेहमी म्हणतात. छोट्याने २०२१ ची एक पाहणी पुढे केली. ३१० जणांच्या त्या अभ्यासात भयपटांचे शौकीन साथीच्या दिवसांत मनाने कमी ढासळलेले आढळले. मास्तरांनी लगेच टोकलं की मुळात कणखर असलेलेच असले सिनेमे बघत असतील. खरंय तेही.

उठता उठता सिस्टरने विचारलं, "त्या गावाचं काय झालं?"

कुणालाच चटकन आठवेना. जागतिक आरोग्य संघटनेच्या डॉक्टरला, ओरांतेसला, पळवून नेतात, कारण एका गावाला रांगेत मागे राहायचं नसतं. तिच्या बदल्यात त्यांना लस मिळते. ती सुटल्यावर कळतं की दिलेली लस खोटी होती, नुसता प्लासिबो. ती त्यांना सांगायला धावत सुटते आणि सिनेमा तिला तिथेच सोडून देतो. पुष्कळांनी याला अर्धवट राहिलेलं उपकथानक म्हटलंय. मला ते दुखतं, कारण चीव्हरच्या चुकीला आणि तिच्या भरपाईला सिनेमाने भरपूर वेळ दिला आणि जिथे सरकारांनी ठरवून फसवलं तिथे काही क्षणांत गाशा गुंडाळला. आम्हीही तेच केलं की. दोन तास एका माणसाच्या एका फोनवर भांडलो.

"अजून पाच मिनिटं दिली असती तरी चाललं असतं," अण्णा म्हणाले.

"पाच मिनिटांनी काय होतंय अण्णा," छोट्या म्हणाला. "अख्खा सिनेमा त्या गावावर हवा."

"कर मग तू. त्यात ती बाई गावात पोचते की नाही, तेवढं दाखव."