कुलूप लावा, मालक!

करार संपून महिना झाला, तरी नाशिकच्या इंदिरानगरातल्या तुमच्या टू बीएचकेत भाडेकरू ठाण मांडून बसलाय ना? मग कोर्टकचेरी कशाला? घर तुमचं, घरपट्टी तुमच्या नावाची.

सुरुवात तर झकासच झाली होती. 'अकरा महिन्यांचंच आहे, रजिस्टर कशाला?' म्हणत सीबीएस बसस्थानकाजवळ नोटरीचा शिक्का मारून घेतलात, चार पैसे वाचवलेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ला मात्र या अकरा महिन्यांचं कौतुक नाही. कलम ५५ म्हणतं, करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि ते काम घरमालकाचं. नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच खरं, उलट सिद्ध होईपर्यंत. वाचवलेल्या पैशात तुम्ही त्यालाच वकील करून दिलात म्हणायचा!

असो. आता गच्चीवर जा आणि त्याच्या टाकीचा कॉक बंद करा. गंजलेला असेल, पान्हा न्या. विचारलंच तर 'महापालिकेचंच पाणी नाही' म्हणा, नाशकात लोक लगेच मान डोलावतात. फक्त समोरच्या फ्लॅटमध्ये बादली भरतानाचा आवाज त्याला ऐकू जाणार नाही, एवढं बघा. पाणी-वीज तोडणं कलम २९ नुसार गुन्हा आहे.

मग कुलूप. तो पहिल्या पाळीला सातपूरला गेला की सामान जिन्यात काढा: गादी, शेगडी, पोराचं दप्तर. दप्तर वर ठेवू नका, शेजाऱ्यांच्या फोटोत तेच आधी दिसतं. बळजबरीनं ताबा काढलात, तर १९६३ च्या एका कायद्यानं तो सहा महिन्यांत दावा ठोकू शकतो. तिथं तुम्ही इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) नाचवाल, पण मालकी कुणाची हा तिथला प्रश्नच नसतो.

(भद्रकालीत वाडा असेल तर तुमची मजाच. पावसाळ्याआधी महापालिकेची 'वाडा धोकादायक, रिकामा करा' अशी नोटीस येईपर्यंत भिंत भिजू द्या.)

रटाळ रस्ताही आहे म्हणा. नोंदलेला करार, मुदत संपताच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज, आणि जास्त राहिल्याबद्दल दुप्पट भाडं. पण त्यात कुलूप लावायची हौस कुठं भागते?

तेव्हा कुलूप आणाच. दुकानदाराकडून पावती मात्र घ्या. भाड्याची तुम्ही भाडेकरूला कधी दिली नाहीत, त्याच्या वकिलाला ही तरी मिळू दे.