‘अदोन ओलाम’ सगळ्यांचं, चाल ज्याची त्याची

एकत्र गायचं म्हणजे एकाच चालीत गायचं, या समजुतीने ज्यू समाजाच्या सामाईक संगीत कार्यक्रमांचं फार नुकसान होतं. बेने इस्राएली (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू), बगदादी (इराककडून आलेले), कोचिनी (केरळातले), अश्केनाझी (युरोपातले) सगळे मंचावर येतात, सर्वांच्या कानावरून गेलेली एखादी इस्रायली चाल ठरते आणि मराठी कीर्तनाच्या वाट्याला शेवटची पाच मिनिटं उरतात. शब्द सामाईक ठेवा, चाल ज्याची त्याला गाऊ द्या, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या मुंबई-कोकणात हे पूर्वीपासून असंच चालत आलंय. सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईच्या मांडवीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. बेने इस्राएलींना हिब्रू उपासना शिकवली ती कोचीनहून आलेल्या हजानांनी, म्हणजे उपासना गाऊन चालवणाऱ्यांनी. पुढच्या शतकात बगदादी आले ते अरबी मकाम (आपल्या रागांसारख्या स्वरपद्धती) घेऊन; पुण्याचं लाल देऊळ हे सिनेगॉग त्यांचंच. आणि १८८० च्या दशकात बेंजामिन सॅमसन अष्टमकरांसारख्या मंडळींनी अब्राहाम, मोशे यांची आख्यानं थेट मराठी कीर्तनात बसवली. साकी, दिंडी, ओवी सगळं आपलं, कथा तोराची, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाची. यातल्या कुणीही दुसऱ्याला ‘तुझी चाल सोड’ म्हटलं नव्हतं.

आता प्रत्यक्ष बसवायचं कसं? सुरुवात ‘अदोन ओलाम’पासून करा. देवाच्या स्तुतीचं हे हिब्रू स्तोत्र जवळपास सगळ्याच ज्यू परंपरांत आहे. अश्केनाझी पाठात दहा ओळी आहेत, सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या परंपरेचा) पाठ त्याहून मोठा. किती कडवी गायची हे तालमीआधीच ठरवा, नाहीतर दहाव्या ओळीनंतर अर्धे थांबतात आणि अर्धे पुढे जातात.

याचं वृत्त अरबी हजज या छंदावरून आलेलं. अदोन् ओलाम् / अशेर् मालाख्: लगागागा लगागागा (ल लघु, गा गुरू). पूर्ण ओळीत चार वेळा लगागागा, म्हणजे आपल्या मराठी गझलेतलं वियद्‌गंगा वृत्तच! म्हणून मराठी माणसाच्या तोंडात ते पटकन बसतं. अर्ध्या ओळीत आठ अक्षरं, त्यामुळे आठ मात्रांच्या केरव्याचं एक आवर्तन बरोबर पुरतं. पण इथेच तबलजी हमखास चुकतो. पहिल्या ‘अ’वर सम दिली की सगळे आघात उलटे पडतात. ‘अ’ आठव्या मात्रेवर उचला, सम ‘दोन्’वर येऊ द्या. मग दोन्, लाम्, शेर्, लाख् हे पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर येतात आणि हिब्रूचे आघात जिथल्या तिथे राहतात.

शेवटच्या ओळीत ‘अदोनाय’ हे देवाचं नाव येतं. तालमीत ते उच्चारायचं नसेल तर त्याऐवजी ‘हाशेम’ (‘ते नाव’) घालू नका, एक अक्षर कमी पडून चाल लंगडते. ‘अदोशेम’ म्हणा, तीन अक्षरं राहतात.

पट्टी काळी एक. सप्तकभर फिरणाऱ्या चालीला स्त्री-पुरुष दोघांनाही ती सोसते. एखादी चाल तार पंचमाला जाणार असेल तर उतरवा, ओढून गायला लावू नका.

खरी अडचण येते ती पेटीची. बगदादी चाल बयात किंवा रास्त मकामात असेल, तर तिचे काही स्वर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधले असतात. पेटी ते देऊच शकत नाही. मग वादक जवळचा कोमल किंवा शुद्ध लावतो आणि चाल मरते. त्या चालीला पेटी बंद ठेवा. व्हायोलिन, सारंगी किंवा ऊद (अरबी तंतुवाद्य) घ्या, नाहीतर नुसता आवाज. सगळ्यांनी मिळून वाजवायचं गाणं हिजाज मकामातलं निवडावं. त्याचा पूर्वार्ध सा, कोमल रे, शुद्ध ग, म. अश्केनाझींची ‘अहावा रब्बा’ ही स्वरपंक्तीही तशीच सुरू होते आणि पुढे प, कोमल ध, कोमल नी. आपल्या भाषेत हा राग बसंतमुखारी. पेटीवाला सवयीने भैरव समजून शुद्ध नी लावतो, ते आधीच सांगून ठेवा. रिषभावर आंदोलनही नको.

दिवस ठरवताना पंचांग नाही, ज्यू कॅलेंडर बघा. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्रीच्या विश्रांतीच्या दिवशी, पारंपरिक घरांत वाद्यं वाजत नाहीत, म्हणून शनिवारी हवदाला (शब्बाथ संपवणारा विधी) झाल्यावर किंवा रविवारी. पेसाह ते शावुओत या सणांच्या मधले ओमेरचे दिवस आणि तिशा बाआव या शोकाच्या उपवासाच्या आधीचे तीन आठवडे टाळा. काही कर्मठ पुरुष स्त्रीचं एकल गाणं ऐकत नाहीत. त्यांना न दुखावता विचारा, पण कोचिनी स्त्रियांची मल्याळम गाणी त्या कारणाने वगळू नका. ती परंपरा स्त्रियांनीच वह्यांमध्ये उतरवून जपली आहे.

शब्द देवनागरीत छापून द्या. पुण्यात १८७४ सालीच मराठी भाषांतरासह हग्गादा (पेसाहच्या रात्री वाचायची पोथी) छापली गेली होती, तेव्हा आता सबब चालणार नाही. हिब्रूतला ‘त्स’ हा उच्चार नीट लिहा. ‘स’ लिहिलंत तर माणसं ‘स’च गातात.

आणि कीर्तनाला किमान वीस मिनिटं द्याच. नमन, एक ओवी, एक साकी, प्रसंगाचं निरूपण, एक पद, शेवटी आरती, एवढ्याला तितका वेळ लागतोच. झांज आणि तबल्याचा माइक कीर्तनकारापासून लांब ठेवा, निरूपणाचे शब्द ऐकू यायला हवेत. मल्याळी किंवा अमेरिकन श्रोत्यांसाठी आख्यानाचा सारांश आधी चार वाक्यांत सांगा. मध्ये थांबून भाषांतर केलं की कीर्तनाची लय तुटते आणि पुन्हा सापडत नाही.