माफीनामा आधी टाइप करून ठेवा

परवा पुन्हा एका फॅशन ब्रँडचा वर्णद्वेषी कपड्याबद्दलचा माफीनामा वाचला. तोच काळा चौकोन, तीच पांढरी अक्षरं, तेच ‘कुणाला दुखावण्याचा हेतू नव्हता’. दर वेळी नव्यानं लिहायचा त्रास कशाला? माफीनामा आधी टाइप करून ठेवा, कपड्याचं नंतर बघू.

मूडबोर्डवर, म्हणजे डिझाइनच्या कल्पनांची चित्रं लावायच्या फळ्यावर, ‘विंटेज’ म्हणून सापडेल ते डकवा. चित्र कुठलं, कुणाची टिंगल करायला काढलेलं, हे खाली लिहू नका. १८३०च्या दशकापासून अमेरिकेत गोरे नट जळक्या बुचाची काजळी फासून, ओठ अवाढव्य रंगवून काळ्या गुलामांची नक्कल करायचे आणि लोक तिकीट काढून हसायचे. माहिती दोन ओळींची, पण ती लिहिली की गंमत जाते. मग डिसेंबर २०१८मध्ये जाड लाल ओठांच्या काळ्या माकडांच्या बाहुल्या प्राडाच्या न्यूयॉर्कच्या दुकानात काचेमागे कशा बसणार?

मेकअपच्या पेटीत बेजच्या बारा छटा ठेवा, गडद एकच. उरलेलं रिटचिंगवाला बघेल, उजळ करून.

मजकूर लिहिणारे आणि मॉडेल निवडणारे यांची गाठ पडू देऊ नका. जानेवारी २०१८मध्ये एचअँडएमच्या साइटवर ‘जंगलातलं सगळ्यांत कूल माकड’ असं लिहिलेली हिरवी हुडी काळ्या मुलाच्या अंगावर होती. जंगलाच्याच थीमवरची ‘सर्व्हायव्हल एक्स्पर्ट’वाली गोऱ्या मुलाच्या. नुसती अक्षरं तपासा, चूक नाही. नुसता मुलगा बघा, गोड आहे. चूक होते ती दोन्ही एकत्र आल्यावर, आणि एकत्र बघणं हे कुणाचंच काम नसतं.

आता खरं कौशल्य. गुचीचा फेब्रुवारी २०१९मध्ये मागे घेतलेला स्वेटर घ्या: ८९० डॉलर, काळी लोकर, टर्टलनेक नाकापर्यंत ओढायचा, तोंडाशी भोक, भोकाभोवती लाल ओठ. असा कपडा चुकून होत नाही. आधी स्केच. मग टेक पॅक, म्हणजे कारखान्याला द्यायचे तपशील, त्यात भोकाची मापं. लाल सूत वेगळं, म्हणजे त्याची छटा कुणीतरी मंजूर करायची. पहिला नमुना येतो, फिटिंगला एक जिवंत माणूस तो घालतो आणि चार जण समोर उभे राहून गळा किती वर घ्यायचा यावर वाद घालतात. गळ्यावर! मग सुधारित नमुना, शोरूम, खरेदीदार, किंमत, फोटो, वर्णन, अपलोड. इतक्या जणांनी धाग्याची गाठ तपासली, चेहरा एकालाही दिसला नाही? बाहेरच्या लोकांना तर तो एका स्क्रीनशॉटमध्ये दिसला!

आणि हो, वेगळ्या वंशाचा एक माणूस जरूर ठेवा. इंटर्न. टीमच्या फोटोत मधोमध उभा करा. बोललाच तर ‘मनाला लावून घेतोस’ म्हणा.

पुरे झालं. अहो, एकटा माणूस बोलत नाही, नोकरी जाईल म्हणून. टेबलाशी तीन-चार जण हवेत, आणि नमुना मंजुरीच्या कागदावर त्यांच्यातल्या कुणाची तरी सही हवी. ती नसेल तर माल पुढे सरकता कामा नये. स्केच खोडायला खोडरबर लागतो. तयार माल परत मागवायला ट्रक लागतात. डोल्चे अँड गबानाला चॉपस्टिक्सनं पिझ्झा खायच्या जाहिरातीवरून उसळलेल्या वादात नोव्हेंबर २०१८चा शांघायचा अख्खा शो ऐन शोच्या दिवशी रद्द करावा लागला. हिशेब तरी कळतो ना?

नाहीतर तपासणी करायला उरतं कोण? फेब्रुवारी २०२०, न्यूयॉर्कमधल्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा शो. माकडाचे कान आणि मोठाले ओठ लावायला नाही म्हणाली ती एक काळी मॉडेल, रॅम्पवर जायच्या तोंडाशी. ‘पंचेचाळीस सेकंदच तर अवघडल्यासारखं वाटेल,’ अशी आपली समजूत घातली गेली, असं तिनं नंतर सांगितलं. ती चालली, पण ते न लावता. बाकीच्या लावून चालल्या.