आधी शेजारी बसून पाहा
कर्मचाऱ्यांना कोणतं प्रशिक्षण हवं हे कसं ठरवावं, यावरच्या एका लेखात म्हटलंय की वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांना प्रश्नावली पाठवा आणि ज्या विषयाला जास्त मतं पडतील त्याचं प्रशिक्षण ठेवा. मला हे पटलं नाही. माणसं आवडीचे विषय लिहितात. रोजच्या कामात नेमकं कुठे अडतं ते फॉर्म भरताना आठवतंच असं नाही. प्रशिक्षणाची गरज कुठे शोधायची याच्या तीन पातळ्या मॅकगी आणि थेयर या अभ्यासकांनी 1961 मध्येच सांगितल्या होत्या: संस्था, काम आणि व्यक्ती. प्रश्नावली फार तर तिसरीपर्यंत पोचते, तीही अर्धवट.

मी होते त्या टीममध्ये ऑर्डरच्या नोंदींत सतत चुका व्हायच्या. दोनदा प्रशिक्षण झालं, चुका तेवढ्याच. शेवटी मी दोन दिवस नोंदी करणाऱ्यांच्या शेजारी नुसती बसून राहिले. तेव्हा दिसलं, की स्क्रीनवर मागणीची आणि पाठवणीची तारीख खालीवर होती आणि दोन्हींवर फक्त 'तारीख' एवढंच लिहिलेलं. काम सगळ्यांना येत होतं! लेबलं बदलली आणि बहुतेक चुका थांबल्या. त्या सहकाऱ्यांना मात्र दोनदा 'तुम्हाला जमत नाही' असं ऐकावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आधी विचारा: हे काम या माणसाला पूर्वी नीट जमत होतं का? जमत असेल तर कारण साधनांत, वेळेत किंवा अस्पष्ट सूचनांत शोधा. कधीच जमलं नसेल तर प्रशिक्षण जरूर द्या, पण त्याआधी परत आलेलं काम आणि ग्राहकांच्या तक्रारी वाचून काढा. नवीन आलेल्यांशीही बोला, जुन्यांच्या अंगवळणी पडलेल्या अडचणी त्यांना लगेच टोचतात.