मार्कोनींचा उजवा डोळा: एक खुलासा

‘रेडिओचे जनक मार्कोनी जन्मतः एका डोळ्याने अंध होते आणि त्यावर मात करून त्यांनी बिनतारी यंत्रणा शोधली’ हा सध्या फिरणारा मजकूर चुकीचा आहे. त्यांचा उजवा डोळा गेला तो सप्टेंबर १९१२ मध्ये, इटलीत ला स्पेत्सियाजवळ झालेल्या मोटार अपघातात. पुढे त्या जागी काचेचा डोळा बसवण्यात आला. त्याच्या कितीतरी आधी, १२ डिसेंबर १९०१ रोजी, न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाने उंच चढवलेल्या तारेला जोडलेला रिसीव्हर कानाला लावून, अटलांटिकपलीकडून आलेले मोर्स लिपीतील (ठिपके-रेषांच्या सांकेतिक लिपीतील) ‘एस’ अक्षराचे तीन ठिपके ऐकल्याचे त्यांनी जाहीर केले होते (कसोटी लागली ती कानांची!), आणि १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेलही त्यांना जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांच्यासह विभागून मिळाले होते. अपघातानंतरचे त्यांचे लघुलहरींवरील (कमी तरंगलांबीच्या रेडिओ लहरींवरील) काम मात्र एका डोळ्यानिशीच झाले, आणि मजकुरात नेमका त्याचाच उल्लेख नाही.