पन्नास रुपयांचा बोल्ट आणि हॉक विमान

ताईचा मुलगा सध्या बिदरला हवाई दलाच्या हॉक या प्रशिक्षण जेट विमानावर प्रशिक्षण घेत आहे. गेल्या आठवड्यात वडोदऱ्यातील जवळजवळ प्रत्येक मराठी गटात फिरलेला एक संदेश तिच्यापर्यंत पोहोचला आणि तिची झोप उडाली, म्हणून हे लिहिणे भाग आहे. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: हॉकसाठी परदेशातून लाखांना घेतला जाणारा बोल्ट वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) ५० रुपयांत बनतो, चांगले भाग ‘मुदत संपली’ म्हणून फेकले जातात, उरलेला पैसा देखभालीच्या ट्रॉल्या-शिड्यांवर उधळला जातो, आणि मुळात हे विमान बनणेच बंद झाले आहे.

बोल्टचा मुद्दा सर्वांत घातक आहे. मकरपुऱ्यातील कुशल कारागीर त्या मापाचा बोल्ट लेथवर नक्कीच काढील. पण विमानाच्या बोल्टची किंमत केवळ मापाची नसते. मिश्रधातू कोणत्या बॅचचा, हीट ट्रीटमेंट कशी झाली, तडे तपासले का आणि त्या तपासणीवर सही कोणाची, ही सारी नोंद भागाबरोबर यावी लागते. ८ सप्टेंबर १९८९ रोजी ऑस्लोहून हॅम्बर्गला निघालेले पार्टनेअर कंपनीचे कॉन्व्हेअर ५८० विमान डेन्मार्कजवळच्या समुद्रात कोसळले आणि त्यातील ५५ जणांपैकी एकही वाचला नाही. नॉर्वेच्या अपघात तपास मंडळाला शेपटीचा उभा पंख धडाला जोडणारे बोल्ट आणि त्यांवरील स्लीव्ह (नळीसारखी आवरणे) बनावट व कमी ताकदीचे आढळले. दिसायला ते अस्सल भागांसारखेच होते. संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी हा एक अहवाल तरी वाचावा.

फेकलेल्या भागांविषयी एवढेच, की संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटमधील स्फोटक काडतुसे आणि त्याच्या डोक्यावरील कॅनॉपीची काच फोडणारी स्फोटक दोरी न वापरताही वयाने निकामी होतात. त्यांची मुदत पाळणे ही उधळपट्टी कशी? ट्रॉल्यांचेही तेच. विमान जॅकवर उचलून आणि इंजिन बंद ठेवून, हायड्रॉलिक दाब ट्रॉलीवरच्या बाहेरच्या यंत्राने पुरवल्याखेरीज चाके नीट आत-बाहेर होतात का, हे तपासताच येत नाही.

‘सी-२९५ वडोदऱ्यात बनते, मग हे का नाही’ असेही कोणी जोडले आहे. ते पंख्याच्या इंजिनांचे मालवाहू विमान आहे. त्याच्या कारखान्याचा हॉकशी संबंध नाही.

विमान बनणे बंद झाल्याच्या शेवटच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, तेवढे मान्य करतो. ब्रिटनमध्ये नवी हॉक बनणे थांबले आहे, आणि पुरवठादार मोजकेच असले की भाव चढतात. त्या भावांची चौकशी जरूर व्हावी. परंतु भारताने मागवलेल्या १२३ हॉकपैकी २००४ च्या करारातील २४ ब्रिटनमधून आली, बाकीची बंगळूरला एचएएलकडे (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) सोपवली गेली, त्यामुळे हॉक बनवण्याचे ज्ञान देशातच आहे. ब्रिटिश हवाई दलाचे हॉकवरील प्रशिक्षण बिघाडाने रखडले हे खरे, पण तो बिघाड त्यांच्या हॉक टी-२ मधील अडोर ९५१ इंजिनाचा होता. ताईचा मुलगा ज्या विमानात बसतो, त्यात अडोर ८७१ ही वेगळी आवृत्ती आहे.