समुद्राला विचारलंत का?

भाचीला लग्न अगदी साधं हवं होतं. "मामा, वाळू, समुद्र, सूर्यास्त. बस्स!" समुद्र आणि सूर्यास्त फुकट, वाळू तर पडलेलीच आहे, या हिशेबाने ताईने सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात घातली.

मग साधेपणा वाढू लागला. वाळूत खुर्च्यांचे पाय रुततात, म्हणून खाली फळ्या. फळ्या दिसायला नकोत, म्हणून वर चटया. चटया उडू नयेत म्हणून कडेला वजनं, म्हणजे वाळूच्याच पिशव्या, आणि त्या फोटोत येऊ नयेत म्हणून फुलं. थोडक्यात, वाळूत लग्न करायचं तर आधी वाळू झाकायची! उंच टाचांच्या चपला घालून येऊ नये असं पत्रिकेत छापू या, असं मी म्हटलं. त्यावर ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तारीख निघाली पौर्णिमेची. मावळता सूर्य आणि उगवता चंद्र एकाच फोटोत हवेत! पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमारास चंद्र उगवतो, हे अगदी खरं. पण एक पश्चिमेला आणि दुसरा पूर्वेला, हे मी बोललो आणि आडमुठा ठरलो. फोटोग्राफरने तोडगा काढला: पाहुण्यांनी मध्येच खुर्च्या वळवाव्यात. फळ्यांसकट?

खरा घोळ भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने घातला. पौर्णिमेचं उधाण सगळ्यांना माहीत असतं, पण त्या दिवशी समुद्र जितका वर चढतो तितकाच मागेही हटतो, हे कुणी सांगत नाही. आमच्या किनाऱ्यावर ओहोटी नेमकी सूर्यास्ताला पडत होती. म्हणजे लग्नाच्या वेळी समोर लांबलचक चिखल आणि पलीकडे समुद्र असावा असा अंदाज. मग सव्वासहा तासांनी, सगळे नाचायला लागले की तो थेट स्पीकरपर्यंत येणार.

"मग वेळ बदल ना, मामा!"

"लग्नाची?"

"ओहोटीची. कुणाशी तरी बोलून बघ ना."

बोललो नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, त्यामुळे आठवडाभर पुढे सरकलं की ती आपसूक संध्याकाळी येते, आणि तीही बेताची. तारीख अष्टमीवर गेली. समुद्र मिळाला, चंद्र गेला. तो आता मध्यरात्रीच्या आसपास उगवणार.

वाऱ्याचं कुणी मनावरच घेत नव्हतं. दिवसभरात जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा धावतो. दुपारनंतर तर तो चांगलाच जोरात असतो. वधूवर समुद्राकडे पाठ करून उभे, म्हणजे वारा मागून. तालमीला भाचीचे सगळे केस पुढे आले आणि सूर्य पाठीशी असल्यामुळे समोर बसलेल्यांना दोन काळ्या आकृत्या तेवढ्या दिसल्या. त्यांतली नवरी कोणती, हे आम्ही उंचीवरून ठरवलं. माइकमधून तर नुसती फरफर. त्यावर फोमची टोपी चढवली तेव्हा कुठे शब्द कळू लागले, आणि पहिला स्पष्ट शब्द "मामा!" असा होता.

परवानग्यांबद्दल लिहीत नाही. त्या कागदांवर एवढे शिक्के आहेत की मजकूर शोधावा लागतो.

शेवटी चंद्र भाड्याने आणायचं ठरलं. हवा भरलेला, आतून दिवा लावलेला, घरातल्या कपाटाहून मोठा गोळा. भाची खूश. डेकोरेशनवाला मात्र मान हलवत होता.

"साहेब, वाऱ्यात चंद्र पळतो. दोऱ्यांनी बांधायला लागेल."

"बांधा की. कशाला बांधता?"

"इथे वाळूत दुसरं आहे काय? खुर्च्यांना."

इतका वेळ गप्प बसलेली आजी पदर सावरत म्हणाली, "माझी खुर्ची कोणती, तेवढं आधी सांगून ठेवा."